सुटं घर

फ्ली म्हणजे थराथरांची पोळी. तिचा एक थर भाजला की त्यावर दुसरा ओतायचा, तो भाजला की तिसरा. मधे उठायचं नाही आणि तोंडही उघडायचं नाही, असं द्रानेची आई सांगायची. पहिलं द्रानेने वयाच्या बासष्टीपर्यंत पाळलं, दुसरं तिला कधी जमलं नाही. आज सकाळपासून ती अंगणात निखाऱ्यांपुढे बसली होती. तापलेलं झाकण आकड्याने उचलायचं, पिठाच्या पट्ट्या ओतायच्या, वर लोणी पुसायचं, पुन्हा झाकण. मागच्या चुलाण्यावर बकऱ्याचं मांस रटरटत होतं. तिच्या भावाच्या नातवाचं जावळ होतं, आणि त्यासाठी सगळं बिऱ्हाड इटलीहून डोंगरातल्या ब्रेगथानला आलं होतं.

फरशीवर बूट वाजले. या दगडांवर घसरणारे बूट गावात एकाच्याच पायात होते.

"ताई, एकटीच?" ल्येश म्हणाला.

"दुसरं कोणी दिसतंय का? तुझी सून आरशापुढे आहे, आणि तुझी बायको सुनेपुढे."

ल्येश हसला आणि लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसला. पंचावन्न वर्षांचा, तिकडे इटलीत, बेर्गामोत, हाताखाली आठ गवंडी वागवणारा हा माणूस थोरल्या बहिणीपुढे आला की शाळेतल्या पोरासारखा बुटाची नाडी ओढत बसायचा. तशी तो आत्ता ओढत होता, तेव्हाच द्रानेने ओळखलं की स्वारीच्या पोटात काहीतरी आहे.

"बारीहून येणारा तो माझा दोस्त येत नाहीये. बोट चुकली त्याची."

"अरे कर्मा! आणि हे आता सांगतोस? बकरं कापून झालं, खालच्या गावातली माणसं निघाली असतील. कात्री कोण धरणार?"

"मेहिल धरेल म्हटलं."

द्रानेने झाकण खाली ठेवलं. "लिझेचा मेहिल?"

"पाच धूर उरलेत गावात, पाच घरं. दुसरा तरणा आहे कोण?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. नाडी सुटली, त्याने ती पुन्हा बांधली.

"बोट चुकली नाही त्याची," ती सावकाश म्हणाली. "बोटीवर कुणी बसणारच नव्हतं."

"हळू बोल, ताई."

ब्रेगथानात पोराचं जावळ घरच्या माणसाने काढायचं नसतं. दुसऱ्या घरचा माणूस बोलवायचा, पोर त्याच्यापुढे धरायचं, कात्री त्याच्या हातात द्यायची. त्याने चार बटा कापल्या की ती दोन घरं एक झाली. त्या दोन घरांत मग भांडण नाही, खून नाही, चुगली नाही. आणि सोयरीकही नाही. भावाबहिणीचं लग्न कुठे लावतात का? तिकडे राजधानीत, तिराणात, हे ऐकून लोक हसतील. तिराणातले लोक कशालाही हसतात.

"म्हणजे तुला कळलंय तर," द्राने म्हणाली. "वाल्बोनाचं आणि त्याचं."

"डोळे आहेत मला. पोरगी रोज पाणी आणायला त्यांच्या मळ्यावरून जाते. नळ आपल्या घरात आहे, मी पैसे पाठवून बसवलेला."

"मग बाप आहेस, तोंडावर नाही म्हण तिला."

"आणि ती ऐकेल? तू वाढवलेली आहे ती. दोन वर्षांची होती तेव्हा तुझ्या मांडीवर टाकून गेलो, म्हटलं वर्षभराने नेतो. नेली का? फोनवरचा बाप मी. मी नाही म्हटलं की कपड्यांचं बोचकं उचलून संध्याकाळी लिझेच्या दारात जाईल ती. आणि तुझ्याकडून हट्ट शिकली असेल तर मागे वळूनही बघणार नाही." त्याने आवाज आणखी खाली आणला. "असं केलं म्हणजे कुणी कुणाला नाही म्हणायला नको. मान द्यायचा, मोठ्यात मोठा. मानाला कोण नाही म्हणतो?"

"साप मरावा आणि काठी मोडू नये."

"काठी आपल्याच घरची आहे ना, ताई."

जळल्याचा वास आला. द्रानेने धावपळ करून झाकण उचललं. थर एका बाजूने करपला होता. तिने सुरीने करपलेलं खरवडून काढलं आणि रागाने वर दुप्पट लोणी पुसलं.

"काय वाईट आहे त्याच्यात?" ती म्हणाली. "मधाच्या पेट्या आहेत, मेहनती आहे. डोंगर चढायला येणारे परदेशी त्याच्याकडे उतरतात. दारूला शिवत नाही. ती नर्स, खालच्या दवाखान्यात नोकरी. दोघं इथंच राहू म्हणतायत, ल्येश. इथं! किती वर्षांत असं कुणी म्हटलं होतं?"

"तेच तर वाईट आहे." आता त्याने नाडी सोडली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. "आईला खाली नेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पोटात मूल अडलेलं, कमरेइतका बर्फ. चार माणसांनी घोंगडीची झोळी उचलली, तरी वाटेतच गेली. तेव्हा निदान चार माणसं तरी मिळाली. आज गावात एक झोळी उचलायला चार माणसं आहेत का, सांग मला. बाबा एकोणनव्वदचे. माझ्या पोरीवर ती वेळ आली तर झोळीचं दुसरं टोक तू धरणार आहेस?"

ल्येश लुच्चा होता, पण हे तो लुच्चेपणाने बोलत नव्हता.

"बेर्गामोत मुलगा बघून ठेवलाय मी. आपल्याच डोंगरातला, त्रोपोयाचा. चांगलं घर आहे. दवाखाना रस्त्यापलीकडे." तो उठला. "आणि तू राहिलीस ना इथं? काय मिळालं तुला?"

असं बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते लागलं असावं. तो खाली वाकला, तिच्या पांढऱ्या रुमालावरची राख झटकली आणि म्हणाला, "तू काही करू नकोस. फक्त बोलू नकोस, एवढंच."

तो गेला आणि द्राने पुढचा थर ओतायचा विसरून बसली.

तिला काय मिळालं होतं, ते सगळं गाव जाणून होतं. तिच्या बापाने, प्रेंदने, वाईट वर्षांत हे गाव वाचवलं होतं. देवळाला कुलूप लागलं होतं, पाद्री तुरुंगात होता, आणि शहरातून आलेली सरकारची माणसं शेजाऱ्याविरुद्ध शेजाऱ्याकडून चार शब्द लिहून घेत होती. खालच्या गावातली तीन माणसं अशीच उचलली गेली. तेव्हा प्रेंदने कात्री हाती घेतली. या घरातल्या पोराचं जावळ त्या घराने काढायचं, त्या घरातल्याचं पलीकडच्याने. बहुतेकांचं त्याने स्वतःच काढलं. दारं बंद करून, गाणी न म्हणता. जावळभाऊ जावळभावाविरुद्ध साक्ष देत नाही. शहरातली माणसं आली, राकी प्याली, हात हलवत परत गेली. बेचाळीस धुरांच्या ब्रेगथानातून एकही माणूस आत गेला नाही. आजही खालची म्हातारी माणसं प्रेंदचं नाव निघालं की टोपी काढतात.

पण गाठी पक्क्या बसल्या त्या बसल्या. सगळं गाव एकमेकांचं भाऊबहीण झालं. गावातल्या पोरी बाहेर द्यायच्या, बाहेरच्या आणायच्या. सरहद्द बंद होती तोवर बाहेरच्या येत होत्या. सरहद्द उघडली, आणि मग कोण कशाला चढून येईल? पोरगे नवरी शोधायला खाली उतरले ते उतरलेच. धूर एकेक करत विझले. दुराझ, तोरिनो, अमेरिका. कुलपं गंजली, कौलांवर अक्रोडाची रोपं उगवली.

आणि बार्धोक. पलीकडच्या घरातला, पावा वाजवणारा, वीस वर्षांची असताना द्राने ज्याच्यासाठी शेळ्या मुद्दाम चुकवायची तो. त्यांचं घर तेवढं जावळाने बांधायचं राहिलं होतं. एका रविवारी प्रेंद तिकडे गेला आणि बार्धोकच्या पुतण्याच्या चार बटा कापून आला. येताना तो गुणगुणत होता. द्रानेने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि काही विचारलं नाही. बाहेरून चार स्थळं आली, चौघांना तिने नाही म्हटलं. बार्धोक पुढे जर्मनीत गेला आणि तिकडेच मेला.

आता गावात बांधायचं राहिलेलं एकच घर होतं, लिझेचं. वरच्या वाडीवर दरड कोसळली तेव्हा लिझे, तिचा नवरा आणि पाळण्यातला मेहिल खाली आले आणि एका मोकळ्या घरात राहिले. त्याला तीस वर्षं होत आली, नवरा वारला, तरी गाव त्यांना 'नवे' म्हणायचं. कानामागून आले आणि तिखट झाले, असंही म्हणायचं, कारण लिझेचं चीज सगळ्यांपेक्षा चांगलं होतं.

द्रानेने फ्लीवर शेवटचं झाकण ठेवलं. सांगायचं, तिने ठरवलं. आत्ता जाऊन सांगायचं. मेहिलला ताप आला म्हणावं, मधमाशा चावल्या म्हणावं, त्याने आज या घराची पायरी चढू नये, बस्स. आलाच नाही तर कात्री नाकारायचा प्रश्न येत नाही, आणि अपमानही होत नाही कुणाचा. साधी गोष्ट होती. हात पुसून ती निघाली.

लिझेच्या अंगणात दोरीवर मेहिलचा पांढरा सदरा वाळत होता. लिझे दारातच दिसली, काळ्या घागऱ्यात, आणि वर तिने लाल काठाचा कमरपट्टा बांधला होता. तो द्रानेने तिच्या अंगावर पूर्वी एकदाच पाहिला होता, मेहिलला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा.

"ये गं, ये!" लिझे ओरडली. "आणि हसू नकोस मला. विधवेने लाल घालू नये, ठाऊक आहे. काढते मग. पण म्हटलं तुझ्याशिवाय बघतंय कोण?"

"हसत नाहीये," द्राने म्हणाली. "मेहिल कुठाय?"

"पेट्यांकडे गेलाय. पहिला मध काढतोय तुमच्यासाठी. बस ना. कॉफी टाकते."

"नको, चुलीवर सोडून आलेय. लिझे, ऐक—"

"आधी तू ऐक." लिझेने तिला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली. तिचा चेहरा फुलला होता. "काल तुझा भाऊ आला होता. स्वतः. दारात उभा राहिला, टोपी काढली, म्हणाला, लिझे, उद्या मेहिल आमच्याकडे चुलीजवळ बसेल. चुलीजवळ, द्राने! तीस वर्षं आम्हाला दाराजवळ बसवलंत तुम्ही. वाईट नाही म्हणत मी, नव्यांनी दाराजवळच बसायचं असतं. माझा नवरा मेला तोवर दाराजवळच बसत होता. आणि आज माझा पोरगा चुलीजवळ." तिने डोळे पुसले. "माणूस कशासाठी चुलीजवळ बसवतात, ते काय मला कळत नाही? पोरगी द्यायची म्हणूनच ना? मी विचारलं नाही त्याला. म्हटलं आपण अधीरपणा दाखवू नये. पण कळलं मला. तू बोललीस ना त्याच्याशी? तूच बोललीस. खरं सांग."

द्रानेने तोंड उघडलं.

आता इथं तिने बोलायला हवं होतं. पुढे कितीतरी हिवाळे ती याच बाकावर मनाने परत येऊन बसली आणि दर वेळी बोलली. लिझे, तो मान नाही, फास आहे, असं बोलली. पण त्या सकाळी लिझेचा कमरपट्टा तिच्या डोळ्यांसमोर होता. आणि तिच्या मनात आलं की हे सांगायचं म्हणजे माझा भाऊ पोटात सुरी ठेवून तुझ्या दारात टोपी काढून उभा होता, असं सांगायचं. प्रेंदच्या घराबद्दल असं आजवर कुणी बोललेलं नव्हतं. ते पहिल्यांदा प्रेंदच्या पोरीने बोलायचं?

"मी काय बोलणार," ती म्हणाली. "मी आपली... भांडी कमी पडतायत. तुझ्याकडची मोठी परात देतेस का?"

"परात? अगं घर उचलून ने!" लिझे हसत आत पळाली.

परात डोक्यावर घेऊन द्राने परतली. ती खूप जड होती आणि तिच्या घरी अशा दोन होत्या.

वाल्बोना स्वयंपाकघरात कांदे चिरत होती आणि रडत असूनही गात होती. दवाखान्यात असते तसे केस तिने वर गुंडाळून बांधले होते.

"आत्या, परात कशाला? ही काय, ही काय." तिने कोपराने दोन्ही पराती दाखवल्या. "तुझं डोकं ठिकाणावर नाहीये आज."

"वय झालं."

"तुझं? तू अजून शेळीच्या पुढे पळतेस." वाल्बोनाने दाराकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी आली. "बाबांनी मेहिलला पुढे बसवलंय. मला आईने सांगितलं. मी बाबांना किती शिव्या घातल्या मनात चार दिवस. वाटलं होतं, हे त्या त्रोपोयावाल्याचं लचांड माझ्या गळ्यात मारणार. आणि बघ! आत्या, चिमटा काढ मला."

द्रानेने तिच्या गालाला पीठ लावलं. लहानपणी लावायची तसं.

"समज," ती म्हणाली, "समज काही झालंच नाही तसं. तर पळून जाल का दोघं? शहरात? आत्ता, खिडकीतून?"

"पळून कशाला जायचं? पळून जायचं असतं तर सहा वर्षांपूर्वीच गेले असते. मला इथं राहायचंय. तुझ्या नाकासमोर. पोरं झाली की तुझ्या मांडीवर टाकून दवाखान्यात जाणार मी. बाबांनी टाकली तशी, फक्त संध्याकाळी परत नेईन." ती हसली, मग थांबली. "असं का विचारतेस?"

बाहेर खालच्या गावातल्या माणसांचे आवाज आले. ल्येश मोठमोठ्याने स्वागत करत होता.

"उगीच," द्राने म्हणाली. "कांदा पुरे."

बैठकीच्या खोलीत पुरुष भिंतीला टेकून बसले, बायका दाराशी उभ्या राहिल्या. चुलीच्या उजव्या हाताला प्रेंद, पांढरी टोपी घातलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्या हाताला मेहिल, ताज्या धुतलेल्या सदऱ्यात, कुठे हात ठेवावेत हे न कळून गुडघे धरून बसलेला. लिझे दारात द्रानेच्या शेजारी उभी होती. लाल पट्टा तिने काढून ठेवला होता, पण तोरा अजून त्या पट्ट्याचाच होता. ल्येशचा मुलगा ज्येर्ज राकी ओतत होता, आणि त्याची बायको जावळाच्या पोराला, लेओला, मांडीवर घेऊन त्याला गप्प ठेवायला चावी हलवत होती.

"मेहिल," प्रेंदने हाक मारली, "मध कसा आहे यंदा?"

"बरा आहे, आजोबा. लिंडन चांगला फुलला."

"तुझा बाप चांगला माणूस होता. कमी बोलायचा."

"हो, आजोबा."

"तूही कमी बोलतोस. चांगलं आहे. पण इतकं नको, पोरी कंटाळतात."

लोक हसले. दाराशी वाल्बोना लाल झाली. द्रानेने बापाकडे पाहिलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. ल्येशने त्यालाही सांगितलं नव्हतं.

मग ल्येश उठला. चांगला बोलायचा तो. बारीच्या मित्राची बोट, समुद्र, नशीब, सगळं सांगून झालं. "पण देव करतो ते बऱ्यासाठी," तो म्हणाला. "आम्ही परका माणूस बोलावत होतो, आणि आमच्याच भिंतीला भिंत लागून असलेलं घर तीस वर्षं सुटं राहिलं होतं. ही चूक आमची. बाबांनी हे गाव एक केलं. जे राहिलं ते आज माझा नातू पुरं करील. मेहिल, माझ्या नातवाचं जावळ तू काढ."

आणि त्याने कात्री पुढे केली. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली, मुठीकडची बाजू मेहिलकडे.

खोलीत बरं वाटल्याचा गलका झाला. खालच्या गावातला एक म्हातारा म्हणाला, "वा! याला म्हणतात घर." प्रेंदने दोन्ही हात वर केले. त्याचे ओठ थरथरत होते, आणि ते आनंदाने थरथरत होते.

मेहिल हलला नाही.

द्रानेला त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं. नाही म्हणावं तर तान्ह्या पोराला नाकारलं, मोतीबिंदूच्या म्हाताऱ्याला भरल्या घरात नाकारलं, आणि आईला पुन्हा दाराजवळ नेऊन बसवलं. का नाही म्हणतोस, असं विचारलं तर वाल्बोनाचं नाव तिच्या आजोबांसमोर, परक्या गावच्या पुरुषांसमोर घ्यावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्याने एकदाच दाराकडे पाहिलं.

वाल्बोनाचे हात रिकामे होते. ती त्याच्याकडे सरळ बघत होती. ती 'नाही' म्हणत होती का 'घे' म्हणत होती, हे द्रानेला तेव्हाही कळलं नाही, नंतरही नाही. शेजारी लिझेने द्रानेचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नखं रुतली. "हे काय गं?" ती कुजबुजली. "हे काय करतोय तो?"

आत्ताही वेळ होती. द्राने थोरली होती, या घरची होती. आत जाऊन ती कात्री स्वतःच्या हाताने उचलू शकली असती. आत्याने केस कापले की जावळ बाद झालं असतं, हसं झालं असतं, ल्येशने आयुष्यभर तोंड पाहिलं नसतं, बस्स, एवढंच झालं असतं. तिने पायही उचलला. पण समोर तिचा बाप हात वर करून बसला होता, आणि त्या हातांनी बेचाळीस घरं वाचवली होती. तिला त्या हातांच्या पुढून जाता आलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीही आलं नव्हतं.

"घे, पोरा," प्रेंद म्हणाला. "भिऊ नकोस. लहान मूल आहे, चावत नाही."

मेहिलने कात्री घेतली.

लेओ त्याच्याकडे बघून हसला. कपाळावरची बट, मागची बट, उजव्या कानावरची, डाव्या कानावरची. बटा ज्येर्जने धरलेल्या ताटलीत पडल्या. मेहिलने खिशातून नाणं काढून त्यावर ठेवलं, मग वाकून पोराचं डोकं चुंबलं आणि ज्येर्जला, ल्येशला, शेवटी प्रेंदला मिठी मारली. सगळं रीतीप्रमाणे. कुठेही चुकला नाही. म्हाताऱ्याने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि मोठ्याने म्हणाला, "आता ब्रेगथानात एकही घर सुटं नाही. आता मी मरायला मोकळा."

लिझेने द्रानेचं मनगट सोडलं. ती भिंतीला धरून बाहेर गेली.

रीत अशी की घरातल्या लेकीने नव्या भावाला पहिला पेला द्यायचा. ल्येशच्या बायकोने इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी काही बोलायच्या आत वाल्बोनाने तबक उचललं. ती खोलीच्या मधून चालत गेली, त्याच्यापुढे वाकली.

"घ्या, दादा," ती म्हणाली.

पेला मेहिलच्या हातात हिंदकळला आणि राकी त्याच्या सदऱ्यावर सांडली. "सुखी राहा," तो म्हणाला. बहिणीला म्हणतात तेवढंच.

स्वयंपाकघरात वाल्बोना पेले विसळत होती. द्राने मागे उभी राहिली. बैठकीत कुणीतरी गाणं सुरू केलं होतं.

"तू मघाशी पळून जायचं विचारलंस," वाल्बोना मागे न वळता म्हणाली. "कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"सकाळपासून."

"सकाळपासून." तिने एक पेला उजेडात धरून पाहिला आणि पालथा घातला. "बाबांचं मी समजू शकते. ते मला ओळखतच नाहीत. आजोबांना दिसत नाही. पण आत्या, तुला तर माहीत होतं हे कसं असतं. या गावात फक्त तुला माहीत होतं."

"मी गेले होते गं लिझेकडे. सांगायलाच गेले होते—"

"आणि परात घेऊन आलीस."

द्रानेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. वाल्बोनाने तो झटकला नाही, तेच वाईट होतं. दवाखान्यात एखाद्या म्हातारीचा हात बाजूला ठेवावा तसा तिने तो उचलून हळूच बाजूला ठेवला.

"बाबांना सांग, बोटीचं एक तिकीट जास्त काढा. मी येतेय म्हणावं. तूच सांग, मी सांगितलं तर ते माझे मुके घेतील आणि मला ते सोसणार नाही."

द्राने बैठकीत गेली. ल्येश चुलीपाशी बसला होता. तिने वाकून त्याच्या कानात सांगितलं. त्याचा चेहरा उजळला, मग तिच्याकडे पाहून जरासा मावळला. मेहिलची जागा रिकामी होती. पुरुष गात होते, ताटलीत बटा आणि नाणं तसंच होतं.

"कुजबुज कसली?" प्रेंदने विचारलं. त्याला दिसत नव्हतं पण कान अजून शाबूत होते. "कोण चाललंय?"

"वाल्बोना, बाबा. इटलीला."

"वाल्बोना?" म्हाताऱ्याने गाण्याच्या तालावर मान डोलावली. तो खूश होता, आज सगळंच त्याच्या मनासारखं होत होतं. "सासरी?"

"नाही, बाबा," द्राने म्हणाली. "नुसतीच चाललीय."